भुऱ्याच्या मापाचं जॅकेट

२००३ साली निवृत्त शिक्षक धम्मपाल सरांच्या कुत्र्याचे, भुऱ्याचे, मागचे पाय लुळे पडले. डॉक्टर म्हणाले, "रोज पाण्यात चालवा, फरक पडेल." कुत्र्याचं लाइफ जॅकेट नाशकात कुठेच मिळेना. शेवटी सरांनी गंगापूर रोडवर दप्तरं शिवणाऱ्या सुलाबाईंकडून ते फोम घालून शिवून घेतलं.

पहिल्या दिवशी जॅकेट अंगाला अगदी बरोबर बसलं. गंगापूर धरणाच्या काठच्या उथळ पाण्यात भुऱ्याने एक पाय हलवला, असं सरांना वाटलं.

पंधरा दिवसांत जॅकेट मानेकडे सरकून भुऱ्याचं तोंड पाण्यात जाऊ लागलं. सुलाबाईंनी पट्टे आवळून दिले. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच झालं.

तिसऱ्यांदा सर त्याला उचलून दुकानात आले, ते चिडूनच. "बाई, माप नीट घेत जा हो. बुडेल एखाद्या दिवशी माझा कुत्रा."

सुलाबाईंनी भुऱ्याच्या छातीभोवती टेप धरला. वहीत पहिलं माप सव्वीस इंच लिहिलेलं होतं, आज बावीस भरलं. सर टेपकडे बघत नव्हते. ते भुऱ्याच्या कानामागे खाजवत होते.

सुलाबाईंनी वही मिटली.



"माझंच चुकलं, सर. कापड ताणलं गेलंय. द्या, आवळून देते."