खुंटीच्या वरची ओल

मातीचं धरण चार मीटरनं उंच करायचं तर आधी जुन्या उतारावरचं गवत सोलायचं, मग त्यात पायऱ्या कापायच्या, म्हणजे नवी माती जुनीला धरून बसते. हे सगळं मी चोख केलं होतं. नव्या पाण्याची हद्द दाखवणारी खुंटीही टेकडीवरच्या चेनाई आजींच्या गोल झोपडीच्या, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघराच्या, बरीच खाली ठोकली होती.

"आजी, पाणी इथवर येणार नाही. घर सोडू नका. माझा शब्द."

आमच्या कुळात त्यांच्या कुळातल्या मुली देतात, म्हणून त्यांची मुलगी केली नसली तरी रीतीनं मी त्यांचा जावई.

"जावईबापू, शब्द ठेवा खिशात. भिंत बघा."

भिंत आतून ओली होती, गुडघ्याएवढी. आमच्या मासविंगो प्रांतात कित्येक महिने पावसाचा थेंब नव्हता. छप्पर कोरडं, धरणाचा तलाव टेकडीखाली मैलभर लांब.

"जमिनीतून ओल चढली असेल."

"नेमकी खुंटी ठोकल्यापासून?"

मी हसलो. जमिनीतली ओल वेडीवाकडी चढते, हे दाखवायला पातळी मोजायची दुर्बीण दारात लावली आणि ओलीची वरची कड भिंतभर फिरून तपासली.

कड सगळीकडे एकाच पातळीत होती. अशी रेघ फक्त साचलेलं पाणी ओढतं.

पुन्हा डोळा लावला.

काचेतली आडवी तार जागच्या जागी होती. ओलीची कड तिच्याही वर चढली होती.

पायाखालची सारवलेली जमीन खडखडीत कोरडी होती. आजींनी मक्याच्या पिठाचं पोतं उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "पाय वर घ्या."