नाव विचारणारं मशीन

तिसऱ्या खेपेलाही सुंद्राबाई सुरू झाल्या नाहीत. पडदा काळाच राहिला. मरणाआधी माणसाचं मन संगणकातल्या आभासी मशीनवर उतरवून ठेवतात, तसं त्यांचंही ठेवलं होतं. त्या गेल्यानंतर त्यांचा नवरा रंगनाथ आज पहिल्यांदा त्यांना भेटायला आला होता. बायकोचा आवाज ऐकायला त्याचे कान आसुसले होते.

"काका, मशीन ठणठणीत आहे," तंत्रज्ञ शर्वरी म्हणाली. "सुरू होताना ते ओळख पटवायला नवऱ्याचं नाव विचारतं आणि काकू गप्प बसतात. तो प्रश्नच काढून टाकू?"

रंगनाथ हसला. "नको. उभ्या संसारात तिनं मला 'अहो'च म्हटलं. नाव घेतलं ते एकदाच, लग्नात, तेही बायकांनी छळल्यावर."

तो माइकपाशी वाकला. "अगं, घे की उखाण्यात. इथं ना सासू, ना नणंद."

थोडा वेळ नुसती घरघर झाली. मग तोच लाजरा आवाज आला.

"ना भिंत, ना छप्पर, ना माती, ना वीट, रंगनाथराव, आता तरी बसा जवळ नीट."

ओळख पटली. पडदा उजळला.

रंगनाथनं डोळे पुसले आणि हळूच शर्वरीला विचारलं, "पोरी, हे बंद करून पुन्हा सुरू करता येईल का?"