डिकीतला बर्फ

डिकीतल्या पाइपावर बर्फ धरला होता.

मे महिना. धुळ्याची जुनी विमानपट्टी अकरा वाजताच अशी तापली होती की चपलेतूनही चटका बसावा. हात पुसायला फडकं हवं म्हणून चुडामणनं फियाटची डिकी उघडली, स्टेपनीवरचं गोणपाट बाजूला केलं, आणि तो तसाच वाकून राहिला. स्टेपनीच्या आड एक निळी बाटली पट्ट्यानं आडवी बांधली होती. तिच्या तोंडाशी निघालेला तांब्याचा पाइप पांढराफेक झाला होता. त्यानं नखानं खरवडलं. नखाखाली गार भुगा आला.

दवाखान्यात भूल द्यायला वापरतात तो गॅस; बाटलीतून सुटताना पाइप गोठवतो. इंजिनाला पाजला की गाडी थोडा वेळ अंगात आल्यासारखी पळते. जळगावात बारा वर्षं गॅरेज चालवणाऱ्या चुडामणला हे कोणी शिकवायला नको होतं. म्हणूनच तर शर्यतीआधी धुळ्याच्या पुनानं आणि त्यानं एकवीरेच्या पायरीवर नारळ फोडून ठरवलं होतं, दोघांच्याही गाडीत गॅस नाही.

पट्टीच्या त्या टोकाला लोक अजून शिट्ट्या मारत होते. पाव मैलात त्यानं पुनाला तीन गाड्यांच्या अंतरानं मागं टाकलं होतं. तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर तळाला टेकला आणि फियाटनं अशी उसळी घेतली की त्याचं डोकं मागं आपटलं. तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चार महिने त्यानं हेड घासलं होतं, फ्लायव्हील हलकं केलं होतं, एकेक व्हॉल्व्ह हातानं बसवला होता. रोज सकाळी आंघोळ करून, कोणाशी न बोलता, आधी ते इंजिन चालू करून ऐकायचं. आज ते आपल्याशी बोललं, असं त्याला वाटलं होतं.

"झाक ते," मागून हीरालाल हळूच म्हणाला. गाडी हीरालालची. कापडदुकानवाल्या रिखबचंद शेठचा धाकटा मुलगा, चुडामणचा शाळेपासूनचा दोस्त.

"कोणी बसवलं?"

"इंदूरचा माणूस आला होता. काल तू धरणगावला आईच्या पाया पडायला गेलास ना, तेव्हा. पायडल पूर्ण दाबलं की आपोआप सुटतो. तुला कळायचं कारणच नव्हतं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर गाडीत बसला असतास?"

चुडामणनं नखाखालचा भुगा पँटला पुसला.

"म्हणून नाही सांगितलं. हे बघ, तुझ्या हातावर माझा भरवसा आहे. पोरपणापासून आहे. पण मागच्या आठवड्यात मी पुनाची गाडी पळताना बघून आलो."

"गॅस नसता तर?"

"नसता तर काय?"

"मी जिंकलो असतो का?"

हीरालालनं रुमालानं मान पुसली. "ते आता कसं कळणार?" तो म्हणाला. "आणि कळून करायचंय काय? पाच मिनिटांत याचं पाणी होईल. गोणपाट ओढ वर आणि हसतमुखानं उभा राहा. लोक हार घेऊन येताहेत."

हारवाल्यांच्या पुढं पुना येत होता. त्याच्या हातात पत्र्याची पेटी होती. जीवराम उस्तादांच्या पान्यांची. दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकले. उस्ताद गेल्यावर दोघांत ठरलं होतं, ही शर्यत जो जिंकेल त्यानं ती पेटी न्यायची. पेटीच्या वजनानं पुना एका बाजूला कलला होता, तरी पाय उचलून चालत होता.

ठरल्याप्रमाणे सकाळी पुनानं फियाटचं बोनेट उघडून बघायचं होतं. त्यानं बोनेटवर नुसती थाप मारली होती. "तुना शबद शे ना भाऊ," तो म्हणाला होता, "मंग देखानं काय?"

आणि चुडामण तेव्हा हसला होता. त्याच्या मनात काही नव्हतंच.

आता फक्त हाक मारायची होती. पुना, इकडं ये, हे बघ. एवढंच. शब्द दातांपर्यंत आले. पुना वीस पावलांवर होता. त्याच्या मागं पन्नास माणसं, सगळी हसरी. कोणीतरी चुडामणच्या नावानं ओरडलं.

चुडामणनं गोणपाट ओढलं नाही. त्याचा उजवा हात आपोआप पुढं गेला आणि पाइपावर बसला. गारठा तळहाताला चावला, कातडी चिकटली. त्यानं हात काढून घेतला नाही. उलट मूठ आवळली. बोटांच्या फटींतून पाणी निघालं आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

हात सुटला तेव्हा पाइप नुसता तांब्याचा होता. हीरालालनं शांतपणे गोणपाट सारखं केलं आणि डिकी लावली.

"धूळ चारी तू माले आज," पुना म्हणाला. डोळे लाल होते, पण तो हसत होता. त्यानं पेटी चुडामणच्या पायाशी ठेवली. "ले भाऊ. आते तुनी शे."

त्यानं हात पुढं केला. चुडामणनं हात दिला.

पुनानं तो घट्ट धरला, दोनदा हलवला, सोडायला गेला आणि सोडला नाही.

"चुडामण," तो म्हणाला, "तुना हात इतला थंडा कसा?"