सकाळचे ठोके

त्यानं फॉर्म टेबलावर आपटला. कडेची शिट्टी घरंगळून खाली पडली. कोचबाईंनी ती उचलली नाही.

"माझी सही मिळणार नाही," तो म्हणाला. "आईचं मन मोडलंत, तेवढं पुरे. लेकीच्या वाटेला जायचं नाही."

तरणतलावाच्या कडेची ती खोली लहान होती. ओल्या टॉवेलांचा आणि क्लोरीनचा वास होता. भिंतीला टेकून दोन सायकली उभ्या होत्या. काचेबाहेर पायरीवर त्याची सतरा वर्षांची लेक बसली होती, आत बघायचं नाही असं ठरवून.

तीन आठवडे घरात याच फॉर्मवरून भांडण चाललं होतं. लेकीला ट्रायथलॉन करायची होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, सगळं एका दमात. त्याला त्याची ना नव्हती. शहरात तीन कोच होते. ती तिघांकडे जाऊन आली आणि प्रत्येकाला एकच विचारलं, तुम्ही कधी कुणाला थांबवलंय का? पहिला हसला. दुसऱ्यानं भिंतीवरचे पदकांचे फोटो दाखवले. या बाई हो म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्याच नाहीत. लेक घरी येऊन म्हणाली, बाबा, मला याच हव्यात. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण त्यांनी थांबवलेली ती बाई त्याची बायको होती.

ती शिवणकाम करायची. मशीनवर वाकून पाठ धरली म्हणून पोहायला जाऊ लागली, आणि बेचाळिसाव्या वर्षी शर्यतीचं वेड घेऊन घरी आली. सगळ्यांत हळू तीच. मी शेवटून पहिली येणार, म्हणायची. पदक तेच मिळतं, फक्त गर्दी कमी असते. शर्यतीला तीन आठवडे उरले असताना बाईंनी तिचं नाव काढलं. मी मागे पडते ना, म्हणून, एवढंच तिनं घरी सांगितलं. पोहायचे कपडे वाळत घातले ते पुन्हा काढलेच नाहीत. नऊ आठवड्यांनी ती गेली. हृदय कमजोर होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला ते पटलं नव्हतं. तो प्लंबर होता. पाणी अडवलं की पाइप कुठे फुटतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"ती शेवटची आली असती तर तुमच्या क्लबची लाज गेली असती," तो म्हणाला. "एवढंच ना?"

बाई उठल्या. कपाटातून एक जाड वही काढून त्यांनी त्याच्यापुढे ठेवली. इथला नियम होता. सकाळी डोळा उघडला की अंथरुणातच मनगट धरायचं, मिनिटभर ठोके मोजायचे आणि इथे आल्यावर वहीत लिहायचे. नेहमीपेक्षा दहानं वाढले तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. त्याच्या बायकोच्या नावापुढे ओळीनं बासष्ट, एकसष्ट, बासष्ट लिहिलेलं होतं. मग एके दिवशी एकदम चौऱ्याण्णव.

त्या दिवशी बाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला होता. कपाळ गार. मग मनगट धरलं. ठोके एकशेदहाच्या वर, आणि मध्येच चुकत होते.

"मी विचारलं, मग हे चौऱ्याण्णव कुणाचे? ती म्हणाली, यांचे. यांना काल ताप होता."

तिचे स्वतःचे ठोके दोन महिन्यांपासून वाढत होते. खरे लिहिले असते तर शर्यत गेली असती. पण टेप लावल्याशिवाय माप लिहायचं नाही, ही तिची जन्माची सवय. मनानं आकडा ठोकून देणं तिला जमलं नाही. म्हणून ती रोज शेजारी झोपलेल्या नवऱ्याचे ठोके मोजत होती.

बाई त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या. घरी मीच सांगते, असं तिनं कबूल केलं होतं.

"मी तुम्हाला फोन करायला हवा होता," बाई म्हणाल्या. "केला नाही. ती चूक माझी आहे."

त्याला ते ऐकू आलं, पण त्याचा राग आता भलतीकडेच पेटला होता. रोज पहाटे अर्धवट झोपेत त्याला मनगटावर तिची बोटं जाणवायची. सुईनं खरखरीत झालेली. तो डोळे उघडत नसे. उघडले तर ती हात काढून घेईल, असं वाटायचं. ती गेल्यापासून त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. ते त्यानं लेकीलाही सांगितलं नव्हतं. आणि ती काय करत होती? मोजत होती.

त्यानं वही ढकलून दिली. थोड्या वेळानं पुन्हा ओढली.

"नाव काढल्यावर ती इथे लिहायला येत होती?"

"नाही. एकदाही नाही."

त्यानं पान उलटलं. मग आणखी एक. शर्यतीतून काढलेलं नाव बाईंनी वहीतून काढलं नव्हतं. बाकी सगळ्यांपुढे आकडे होते. तिच्यापुढे कोरं. पुढच्या पानावरही कोरं. त्यानं बोट ठेवून आठवडे मोजले. नऊ.

तो वाकला, फरशीवरची शिट्टी उचलून टेबलावर ठेवली आणि फॉर्मवर सही केली.

त्या नऊ आठवड्यांत तिला मोजायचं काहीच नव्हतं, आणि तिची बोटं शेवटच्या दिवसापर्यंत रोज पहाटे त्याच्या मनगटावर होती.