गावं मधात येतात

“रोडाच्या कडंचं घर घेऊ नको, जान्हवी. लेकरू आहे घरात,” जयवंताबाईंनी सांगितलं होतं.

जान्हवी हसली होती. दवाखाना जवळ, बस दारात, शाळा समोर. सासूबाईंच्या डोक्यात अजून बैलगाडीचा रस्ता आहे, असं ती नवऱ्याला म्हणाली होती.

आता निहार बालवाडीत जाऊ लागला होता. बालवाडी रस्त्यापलीकडे. आदिलाबादकडून येणाऱ्या गाड्या वळणावरच्या कडुनिंबापासून अशा सुटायच्या, की मांडणीवरची भांडी वाजायची. एका सकाळी एक ट्रक निहारच्या दप्तराला घासून गेला. पट्टा तुटला. पोरगं जान्हवीच्या हातात राहिलं, दप्तर चाकामागे फरपटत गेलं.

ती अर्ज घेऊन रस्त्याच्या कचेरीत गेली. सुधाकरराव नावाच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “हायवेवर स्पीड ब्रेकर बसत नाही, मॅडम. ड्रायव्हर लोकांना विचारा, त्यांची काही तक्रार आहे का.”

तिनं विचारलं. रुपाच्या चहाच्या टपरीवर, निहारला कडेवर घेऊन.

“रोड? एक नंबर,” कापसाची गाडी चालवणारा भीमपूरचा जीवन म्हणाला. “लोण्यावानी. फक्त ही गावं मधात येतात.”

“गाव आधीचं आहे. रोड मधात आला.”

बाकड्यावरचे हसले. टँकरवाले म्हातारे नरसिंगराव बशीतला चहा फुंकत म्हणाले, “माय, पोराला धरून ठेवत जा.”

“पोराला मी धरते, काका. तुमच्या पायाला कोण धरंल?”

“मोठी पाटी लावा ना, ताई,” रुपा म्हणाली.

“पाट्या कोण वाचते?” जीवन उठला. “पाट्या पाहत बसलो तर नागपूर कवा गाठू?”

गाडीत चढताना त्यानं पायरीला हात लावून कपाळाला लावला, आरशाला टांगलेलं लिंबू सरळ केलं. ट्रक दिसेनासा होईपर्यंत जान्हवी बघत उभी राहिली.

जयवंताबाईंना त्या दिवसांत बोलायला दोनच विषय होते. एक हे घर. दुसरा मिक्सरमधला ठेचा. “पाट्यावरचा ठेचा कुठं अन् हे औषध कुठं. वरवंटाही जागेवर सापडत नाही या घरात.”

“मिक्सर आहे ना, आई,” जान्हवी म्हणायची आणि निहारचे केस विंचरायची.

पोळ्याच्या सुमाराला झोडपून पाऊस झाला. सकाळी रुपा धावत सांगत आली, कडुनिंबाखालची माती वाहून गेली आणि पोचम्मा देवी उघडी पडली. काळा लांबट दगड, आणि अंगावर शेंदूर अजून तसाच. मातीखाली राहून शेंदूर टिकला, याहून वेगळा चमत्कार काय असतो?

जान्हवी निहारचे केस विंचरत राहिली. ही बॉटनी शिकलेली, हिला असलं पटत नसणार, असं रुपाला वाटलं.

जीवन आता वळणाआधीच गिअर उतरवू लागला. चिल्लर टाकायचा, हळूच हॉर्न द्यायचा. नरसिंगराव तर उतरून लिंबू ठेवायचे. एकदा गाडी हळू झाली की बालवाडीपर्यंत ती हळूच जायची.

हिवाळ्यात रुंदीकरण निघालं. सुधाकरराव जेसीबी घेऊन कडुनिंबाशी आले, तर समोर गाड्या आडव्या लागलेल्या.

“निजामाच्या जमान्याची हाय ही,” नरसिंगराव म्हणाले. “डाव्या अंगाचा टवका पाहा. घोडेस्वारानं भाला मारला होता.”

“माहा आजा इथं बैलं थांबवे,” जीवन म्हणाला. “एकानं हॉर्न देल्ला नाही, पुढं टायर फुटला त्याचा.”

सुधाकररावांनी जान्हवीकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या. सांगा यांना.”

“तुम्हीच म्हणाला होतात, ड्रायव्हर लोकांना विचारा.”

“अहो, दगड आहे हा.”

“असंल. आधी ब्रेकर बसवा, मग हलवा.”

“हायवेवर ब्रेकर बसत नाही.”

“मग पोचम्माही उठत नाही.” निहारचा हात धरून ती जेसीबीच्या समोर जाऊन उभी राहिली.

गलका ऐकून जयवंताबाई आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी उंबऱ्याबाहेर पडत नसत. सुधाकररावांना बरं वाटलं. “आजी, तुम्ही जुन्या. खरं सांगा, किती वर्षांचा हा दगड?”

जयवंताबाई वाकल्या. टवक्यावरून बोट फिरवलं. मान वळवून सुनेकडे पाहिलं. मग डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

“माह्या सासूच्या आधीची हाय,” त्या म्हणाल्या. “लेकराची शप्पत.”

जेसीबी आल्या वाटेनं परत गेला.

कधी तिकडून गेलात, तर कडुनिंबापाशी गाडी हळू करा आणि पोचम्माची खुशाली बघून या, विशेषतः डाव्या अंगाचा तो टवका वाढला तर नाही ना. निहारच्या बारशाला कुंची घालून पाळण्यात निजवताना वरवंटा जान्हवीच्या हातून निसटला, तेव्हा उडालेला आहे तो.