शंभुलिंगच्या दोन तक्रारी

सकाळी सहा वाजता शंभुलिंगनं आईला हाक मारली आणि बनियन वर केला. छातीवर पांढरा थेंब होता. मल्लम्मानं तो पदरानं पुसला. पुन्हा आला.

महिनाभर तो हेच सांगत होता. झोपेत छातीतून दूध येतं. दिवसा कुणाला दाखवायला गेला, की छाती कोरडी असायची. दुसरी तक्रार त्याहून जुनी होती. जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय.

मुरुमच्या बाजारात चुलत्याचं भुसार दुकान आहे. बाळंतीणबाईंना डिंकाचे लाडू पाठवायचे का, असं तिथले हमाल विचारू लागले. त्यानं दुकान सोडलं. आंघोळ करून उघड्या अंगानं लिंगपूजेला बसणंही सोडलं. तो स्किझोफ्रेनियाचं निदान झालेला रुग्ण. धाराशिवच्या डॉक्टरांनी दोन्ही तक्रारी आजाराच्या खात्यात टाकल्या आणि डोस वाढवला.

थेंब दिसला त्या दिवशी आई आणि मुलगा पहिल्या एसटीनं धाराशिवला गेले. या वेळी डॉक्टरांनी त्याला शर्ट काढायला सांगितलं. तपासून झाल्यावर त्यांनी शर्ट त्याच्या हातात परत दिला.

“तुम्ही खरं सांगत होता, शंभुलिंग. चूक माझी झाली.”

प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन झोपेत सगळ्यांचंच वाढतं, त्यांनी समजावलं. या औषधानं ते फार वाढतं. कधी पुरुषालाही दूध येतं. रक्त तपासू, औषध बदलू.

शंभुलिंग हसला. म्हणालो हुतो का न्हाय, असं आईला म्हणालाही. मग त्याचं हसू थांबलं.

“कुठलं औषध, साहेब? म्या दिवाळीपासनं एक बी गोळी घेतली न्हाय. रोज मोरीत टाकतो.”

डॉक्टरांनी मल्लम्माकडे पाहिलं. शंभुलिंगनंही पाहिलं.

“अव्वा?”

“तू घेत नव्हतास, बाळा,” ती म्हणाली. “म्या रोज रातच्याला दुसरी गोळी कुटून आमटीत घालत हुते.”

दुपारी तीन वाजेपर्यंत शंभुलिंगनं पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता. नव्या औषधाची पहिली गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची आहे.