आपोआप निघालेला फोटो

"आई, मान सरळ ठेव, समोर बघ," म्हणत अभय सोफ्यावर कुमुदताईंच्या डाव्या हाताला येऊन बसला. उजवीकडे सून, मुग्धा. आईच्या पंचाहत्तरीसाठी त्याने आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा घेतला होता आणि टीव्हीशेजारी पुस्तकांच्या चळतीवर ठेवला होता. "याचं बटण दाबावं लागत नाही. कुणी हसलं, की तो आपोआप फोटो काढतो."

तिघंही हसली. कॅमेरा गप्पच राहिला.

"नुसते ओठ ताणून चालत नाही. मनापासून हसावं लागतं."

पुन्हा हसून झालं, तरी काही निघेना. कुमुदताईंची पाठ अवघडली. "त्याचं होईल तोवर सांगून टाकते," त्या समोर बघतच म्हणाल्या. "मी तळेगावच्या वृद्धाश्रमात नाव घातलंय. पुढच्या महिन्यात राहायला जातेय."

खट् करून फोटो निघाला.

"असं काय बोलतेस, आई?" अभयचा आवाज भरून आला.

"आधी फोटो दाखव."

अभय जागचा हलला नाही, तेव्हा मुग्धाच कॅमेरा घेऊन आली. फोटोत ती डोळे विस्फारून सासूकडे बघत होती. सासूच्या दुसऱ्या बाजूला अभयचे सगळे दात दिसत होते.

कुमुदताईंनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. "छान आलाय. मोठा करून दे मला. तिकडे भिंतीवर लावीन. घरी परत यावंसं वाटलं, की बघत जाईन."